मेरेन्स्की रीफ

दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड या थरदार अग्निज संकुलामधला प्लॅटिनमधारक पट्टा. मौल्यवान धातू लेशमात्र प्रमाणात कोणत्या खनिजात जातात व का, हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी कवचात घुसलेला शिलारस सावकाश निवत गेला आणि ७ ते ९ किमी. जाडीचे थर साचले. त्यांत रीफची जाडी बहुतेक ठिकाणी एक मीटरहूनही कमी आहे, तरी शंभराहून अधिक किलोमीटर तिचा माग लागतो. १९२४ मध्ये आन्द्रिस लोम्बार्ड या शेतकऱ्याला ओढ्याच्या गाळात प्लॅटिनमचे कण सापडले; त्यांच्या मूळ खडकापर्यंत भूवैज्ञानिक हान्स मेरेन्स्की पोहोचले.

रीफच्या धातुकात प्लॅटिनम गटातील धातू व सोने मिळून टनामागे साधारण ५ ते ७ ग्रॅम असतात. प्रावरणात प्लॅटिनम टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम असते. ही वाढ घडवली गंधकाने. शिलारस गंधकाने संपृक्त झाला, की सल्फाइड द्रवाचे थेंब वेगळे होतात आणि या धातू सिलिकेटी द्रव सोडून त्यांत ओढल्या जातात. थेंब जितक्या जास्त शिलारसातून धातू गोळा करील, तितका तो समृद्ध होतो.

खरी वाटणी होते ती थेंब निवताना. प्रथम लोह-निकेल सल्फाइडचा घन विद्राव स्फटिकतो; इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम, ऱ्होडियम त्यात शिरतात. तांबे, सोने, प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांचा ओढा उरलेल्या द्रवाकडे असतो. तरीही पेंटलँडाइट हे निकेलचे खनिज तयार होताना पॅलेडियम त्याच्या स्फटिकजालकात सामावते. काही कणांत ते टनामागे शेकडो ग्रॅम या प्रमाणात भरते. प्लॅटिनमला तिथे फारसा वाव नसतो. ते कूपराइट, ब्रॅगाइट, स्पेरिलाइट किंवा लोहाबरोबरच्या मिश्रधातूचे सूक्ष्म कण होऊन वेगळे राहते. रुथेनियमचे सल्फाइड असलेले लॉराइट अनेकदा क्रोमाइटच्या पोटात अडकलेले सापडते.

म्हणून एकूण प्रमाणाच्या आकड्यावरून धातुकाची पारख अपुरीच होते. जालकातले पॅलेडियम निकेलच्या खनिजाबरोबर आपोआप येते. प्लॅटिनमचे कण सुटे करायला खडक अतिशय बारीक दळावा लागतो. लेसरने खनिजाचा सूक्ष्म ठिपका उडवून केलेल्या मापनातही काळजी हवी, कारण अचानक उंचावलेले वाचन जालकातल्या धातूचे नसून आत दडलेल्या कणाचे असू शकते.

रीफच्या उत्पत्तीचा वाद मिटलेला नाही. नव्या शिलारसाची भर पडून ती घडली, असे एक मत. खालच्या थरांतून वर सरकलेल्या क्लोरीनयुक्त द्रवांनी धातू आणल्या, हे दुसरे. रीफशी निगडित क्रोमाइटचे पातळ थर आणि तिच्या आसपास बदलणारी स्ट्राँशियमची समस्थानिके पाहता पहिल्या मताचे पारडे जड वाटते. परंतु बुशवेल्डच्या खालच्या थरांतील ॲपेटाइटात क्लोरीन भरपूर आहे, ही गोष्ट डावलता येत नाही.

भारतात ओडिशातील बौला-नुआसाही येथे क्रोमाइटधारक अग्निज खडकांत पॅलेडियम व प्लॅटिनम आढळले आहे. तेथील मुख्य खनिजीभवन सलग थरात नाही. गॅब्रोने जोडलेल्या क्रोमाइटच्या तुकड्यांच्या कोणाश्मात ते दिसते.