कैद्याची संमति

अमेरिकेंतील केंटकी राज्यांत लेक्सिंग्टन शहराजवळ १९३५ सालीं सरकारनें एक प्रचंड वास्तु उघडली. तिचें नांव ‘अंमली पदार्थांचें शेत’! नांवावरून तेथें अफू पिकत असावी असें कोणासहि वाटावें. पिकत होता तो भाजीपाला, आणि पिकविणारे होते अफू-मॉर्फिनच्या नादीं लागलेले कैदी व स्वखुशीनें उपचारार्थ आलेले रोगी.

या वास्तूंतच एक संशोधनशाळा होती. नवें वेदनाशामक औषध निघालें कीं, तें मॉर्फिनप्रमाणें व्यसन लावील काय, याची परीक्षा तेथें होई; आणि ती माणसावांचून पुरी होत नसे. पूर्वींचे व्यसनी कैदी त्यासाठीं पुढें येत. या प्रयोगांचा जगास लाभ झाला, हें नाकारतां येत नाहीं. झोपेसाठीं सर्रास दिलीं जाणारीं बार्बिट्युरेट औषधें खरें व्यसन लावीत नाहींत, असें पुष्कळ डॉक्टर मानीत. तीं दीर्घकाळ घेऊन एकाएकीं सोडल्यास आंचके येतात, भ्रम होतो, हें डॉ. हॅरिस इझ्बेल यांनीं १९५० सालीं येथील कैद्यांवरूनच दाखविलें.

परंतु प्रयोगास तयार होणाऱ्यास मिळे काय? शिक्षेंत सूट, नाहीं तर मॉर्फिन वा हेरॉइन! ज्या विषापासून सोडविण्यासाठीं माणसास येथें आणलें, तेंच त्याच्या सहीचें मोल ठरलें. सही होती, बळजबरी दिसत नव्हती. पण व्यसनी माणसापुढें अफूचा अर्क ठेवून विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर कितपत त्याचें स्वतःचें असणार?

१९४७ सालीं न्युरेंबर्ग येथें नाझी डॉक्टरांचा निवाडा करतांना अमेरिकन न्यायाधीशांनींच स्वेच्छेची संमति ही पहिली अट म्हणून सांगितली होती. तरीहि पुढील दशकांत इझ्बेल यांनीं गुप्तहेरखात्याच्या पैशानें कांहीं कैद्यांना सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज एल्.एस्.डी. दिलें.

१९७० च्या कायद्यानें अशा द्रव्यांचे पांच वर्ग पाडले. संशोधकास नोंदणी, कुलूप, कणाकणाचा हिशेब आवश्यक झाला. द्रव्याची राखण झाली, माणसाची राहिलीच. तिच्यासाठीं १९७४ सालीं निराळा कायदा करावा लागला. १९७५ सालीं सिनेटच्या समितीपुढें जुन्या कैद्यांनीं आपल्या मोबदल्याची हकीकत सांगितली, आणि १९७६ सालीं संघराज्याच्या तुरुंगांतील हे प्रयोग बंद झाले. १९७८ च्या नियमांत कैद्यांपुरतें एक कलम आलें: तुरुंगांतील तुटपुंज्या जीवनाच्या मानानें धोक्याचा तोल पाहण्याची त्याची शक्तिच खुंटेल, एवढें मोठें आमिष दाखवूं नये.