जबडाभर स्थिर दात : निवड साहित्याची

सर्व दात गमावलेल्या माणसाला इम्प्लांटच्या आधाराने एका जबड्याचे स्थिर दात बसवून घ्यायचे झाले, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत खर्चाचा आकडा काही लाखांत जातो. दंतवैद्याकडून मिळणाऱ्या अंदाजपत्रकात बहुधा तीन-चार ओळी असतात. 'टायटॅनियम व अ‍ॅक्रिलिक', 'मेटल-सिरॅमिक', 'झिरकोनिया' अशी नावे आणि त्यांच्यापुढे ओळीगणिक फुगत जाणारी रक्कम. प्रस्तुत लेखकाच्या मामांच्या हाती असाच एक कागद पडला, तेव्हा त्यांनी निवृत्त माणसाच्या हिशेबी वृत्तीने एकच प्रश्न केला, 'यातले सर्वांत टिकाऊ कोणते?' उत्तर मिळाले, 'शेवटचे.' हे उत्तर खोटे नव्हते. पण अपुरे होते. दातांच्या साहित्याबाबत विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. ते मोडले तर कसे मोडेल आणि मोडल्यावर पुढे काय, हा तो प्रश्न होय.

हे दात म्हणजे वस्तुतः दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. हाडात बसविलेले टायटॅनियमचे चार ते सहा इम्प्लांट ही एक आणि त्यांवर स्क्रूंनी आवळलेला दहा-बारा दातांचा अखंड पूल ही दुसरी. यांपैकी पहिलीचा इतिहास आश्वासक आहे. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण त्यांना पुन्हा काढता येईना, कारण हाड त्याला घट्ट धरून वाढले होते. या अडचणीतूनच १९६५ मध्ये योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसविले गेले. लार्सन २००६ मध्ये निवर्तले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते इम्प्लांट कामात होते. पुढे पोर्तुगालचे पाउलो मालो व त्यांचे सहकारी यांनी मागचे दोन इम्प्लांट तिरके बसवून केवळ चारांवर संपूर्ण जबडा तोलण्याची पद्धत २००३ मध्ये मांडली. 'ऑल-ऑन-फोर' हे नाव आज जाहिरातींतूनही परिचित झाले आहे.

वरच्या पुलाची गोष्ट तशी नाही. तो झिजतो, त्याचे टवके उडतात, क्वचित त्याला चीर जाते. आयुष्यात एकदा तरी तो दुरुस्त करावा वा बदलावा लागेल असे धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा.

याला एक शारीरिक कारणही आहे. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. भातात खडा लागला की क्षणार्धात जबडा थबकतो, तो या थरातील मज्जातंतूंमुळे. इम्प्लांटभोवती हा थर नसतो. दाबाची जाणीव अगदीच नाहीशी होते असे नाही, पण ती बोथट होते. खडा उशिरा कळतो आणि तोवर दातांवर पुरेपूर जोर पडलेला असतो. सुपारी कातरून नव्हे, तर दाताखाली फोडून खाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

झिजणारे अ‍ॅक्रिलिक

अ‍ॅक्रिलिक म्हणजे आपल्या परिचयाच्या कवळीचेच साहित्य. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दंतवैद्यकात आले आणि व्हल्कनाइट या रबरी साहित्याच्या कवळ्या त्याने हळूहळू हद्दपार केल्या. इम्प्लांटवरील पहिल्या पुलांमध्ये सोन्याच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दात व हिरड्या अशी रचना असे. आता सांगाडा बहुधा टायटॅनियमच्या ठोकळ्यातून संगणकनियंत्रित यंत्रावर कोरून काढतात. वरचे आवरण मात्र तेच राहिले आहे.

त्याचे दोष उघड आहेत. काही वर्षांत दाढांचे उंचवटे सपाट होतात आणि पुढचा एखादा दात सांगाड्यापासून सुटून हातात येतो. हळद, चहा, मिश्री यांचा रंग चढतो. पण या दोषांची दुसरी बाजू पाहावी. दात तुटला तर दंतवैद्य स्क्रू सोडवून पूल काढतो, प्रयोगशाळेत नवा दात बसवतात आणि बहुधा एका दिवसात तो पुन्हा तोंडात जातो. खर्च मूळ रकमेच्या मानाने किरकोळ असतो. अ‍ॅक्रिलिक टायटॅनियमच्या मानाने कितीतरी लवचीक असल्याने घाव काही प्रमाणात स्वतःवर घेते आणि स्वतः झिजून समोरच्या दातांना सांभाळते. गाडीचा टायर झिजला म्हणून कोणी गाडीला दोष देत नाही. येथेही झीज ही ठरलेली देखभाल आहे. ती आधी सांगितली गेली नाही, तर मात्र रुग्णाला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

न झिजणारा झिरकोनिया

झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम या धातूचे ऑक्साइड. सराफाच्या दुकानात 'अमेरिकन डायमंड' म्हणून मिळणारा खडा याच ऑक्साइडचा, फक्त निराळ्या स्फटिकरूपातील. शुद्ध झिरकोनिया भट्टीतून थंड होताना स्फटिकरचना बदलतो, फुगतो आणि आपोआप तडकतो. त्यात यिट्रियम ऑक्साइड अल्प प्रमाणात मिसळले की रचना स्थिर राहते. एवढेच नव्हे, तर एखादी चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलून आकारमानाने सुमारे चार टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. १९७५ मध्ये गार्वी व सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात हा गुण मांडला, तेव्हा निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'सिरॅमिकचे पोलाद' अशा अर्थाचे शब्द वापरले. पुढे प्रश्नचिन्हही होते. ते प्रश्नचिन्ह पुढे बाजारात गळून पडले.

झिरकोनिया ही एकच वस्तू नव्हे, ही गोष्ट अंदाजपत्रकात क्वचितच लिहिलेली असते. सुमारे तीन टक्के यिट्रिया असलेला प्रकार सर्वांत बळकट, पण दिसायला काहीसा पांढुरका व अपारदर्शक. पाच टक्क्यांच्या आसपासचा प्रकार खऱ्या दातासारखा प्रकाश आत घेतो, पण त्याचे बळ बरेच कमी होते आणि चीर दाबून धरण्याचा वर सांगितलेला गुणही जवळजवळ राहत नाही. एकाच तबकडीत हे प्रकार थराथराने मिसळलेलेही असतात. तेव्हा 'झिरकोनिया' एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. लांब पल्ल्याच्या पुलासाठी कोणता प्रकार वापरणार, हे विचारावे.

घडविण्याची रीतही मोलाची आहे. खडूसारख्या मऊ अवस्थेतील तबकडीतून पूल प्रथम मोठ्या मापाचा कोरतात. मग सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत तो लांबीने साधारण पाचव्या हिश्शाने आकसतो आणि नेमक्या मापावर येतो. घोड्याच्या नालेसारखा वळलेला लांब तुकडा या प्रवासात वाकू शकतो. म्हणून तो सावकाश तापवावा आणि सावकाश थंड करावा लागतो. घाईने भाजलेला पूल दिसायला सारखाच दिसतो. भट्टीतील बदल किती महागात पडतो, याचे उदाहरण दंतवैद्यकाबाहेरचे आहे. कृत्रिम खुब्यासाठी वापरले जाणारे झिरकोनियाचे गोळे भट्टीच्या प्रक्रियेतील बदलानंतर रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. दातांचा पूल निदान काढून तरी पाहता येतो.

झिरकोनिया समोरचे दात झिजवतो, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. पाट्याला टाकी लावली तरच त्यावर वाटण वाटले जाते. वापरून गुळगुळीत झालेला पाटा तितकाच कठीण असूनही वाटत नाही. झिरकोनियाचेही तसेच. उत्तम पॉलिश केलेला पृष्ठभाग समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही, पण चावा जुळविण्यासाठी दंतवैद्याने तो घासला आणि पुन्हा पॉलिश केला नाही, तर तो कानस होतो. शिवाय या घासण्याने सूक्ष्म चिरा पडू शकतात, त्या निराळ्याच.

एवढे सांभाळले तर झिरकोनियाचा पूल डागाळत नाही, वास धरत नाही, वर्षानुवर्षे आकार टिकवतो. पण तो मोडला तर मोडला. बहुधा शेवटच्या स्क्रूच्या भोकापाशी किंवा त्यामागे अधांतरी सोडलेल्या दाढेपाशी चीर जाते आणि जोडकाम संभवत नाही. संपूर्ण पूल नव्याने करावा लागतो. अशा वेळी मूळ डिजिटल आराखडा प्रयोगशाळेत जपून ठेवला असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. तो किती वर्षे ठेवणार, हे आधी विचारावे आणि शक्य तर एक प्रत आपल्याकडे घ्यावी.

मेटल-सिरॅमिक हा जुना मार्ग. धातूच्या सांगाड्यावर भाजलेल्या पोर्सेलीनचे आवरण दिसायला देखणे असते. तक्रार एकच, टवके उडण्याची. तोंडातल्या तोंडात त्याला कॉम्पोझिटचे ठिगळ लावता येते, पण ते ठिगळच. सांगाड्याच्या मिश्रधातूत निकेल आहे का, हे कृत्रिम दागिन्यांनी कातडीवर पुरळ उठणाऱ्यांनी आवर्जून विचारावे. 'पीक' नावाच्या लवचीक पॉलिमरचे सांगाडेही आता मिळतात. मात्र धातू किंवा झिरकोनियाच्या तुलनेत त्यांच्यामागील अनुभव अद्याप तोकडा आहे.

निर्णय शस्त्रक्रियेआधी

या विषयातील सर्वांत महत्त्वाची, आणि रुग्णाला सहसा न सांगितली जाणारी बाब जागेची आहे. टायटॅनियमचा सांगाडा आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक एवढे सारे मावण्यासाठी उंचीत साधारण १५ मिलिमीटर जागा लागते. झिरकोनियाचा एकसंध पूल १० ते १२ मिलिमीटरमध्ये बसू शकतो. जागा अपुरी असेल तर अ‍ॅक्रिलिक पातळ राहते आणि वारंवार तुटते. किंवा मग शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाची कड तासून जागा करावी लागते. तासलेले हाड परत येत नाही. म्हणून 'आधी इम्प्लांट बसवू, दात कसले ते मग ठरवू' हा क्रम उलटा आहे. दात कोणते, हे ठरल्यावरच इम्प्लांट किती खोल आणि कोठे, हे ठरते.

समोरच्या जबड्यात काय आहे, हाही निर्णायक मुद्दा. तेथे काढती-घालती कवळी असेल, तर चावण्याचा जोर मुळातच बेताचा असतो आणि अ‍ॅक्रिलिक उत्तम चालते. तेथे स्वतःचे भक्कम दात असतील, तर अ‍ॅक्रिलिक लवकर झिजेल. दोन्ही जबडे झिरकोनियाचे केल्यास चावताना कपबशा आपटल्यासारखा टकटक आवाज येतो, अशी तक्रार काही रुग्ण करतात. त्यामुळे एका जबड्याला झिरकोनिया आणि दुसऱ्याला अ‍ॅक्रिलिक असा तोडगाही काही दंतवैद्य सुचवतात. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर साहित्य कोणतेही असो, रात्री संरक्षक पट्टी वापरावीच लागते. आमच्या मामांना ही सवय असल्याचे मामीने सांगितले. दंतवैद्याने ते विचारले नव्हते. वर त्यांना कवळी आहे. अखेर त्यांनी खालच्या जबड्यासाठी यादीतील पहिली, सर्वांत स्वस्त ओळ निवडली.

शस्त्रक्रियेनंतर बसविला जाणारा तात्पुरता अ‍ॅक्रिलिकचा पूल तीन ते सहा महिने तोंडात असतो. हा काळ केवळ हाड भरून येण्याचा नव्हे. अंतिम दातांचा कच्चा खर्डा तपासून घेण्याचाही आहे. 'फ', 'व', 'स', 'त' हे वर्ण नीट उमटतात का, ओठ नैसर्गिक दिसतो का, पुलाखालून छोटा ब्रश फिरतो का, हे याच काळात पाहावे आणि मोकळेपणाने सांगावे. अ‍ॅक्रिलिकमध्ये बदल सोपा असतो, झिरकोनिया भाजून झाल्यावर नसतो. अंतिम पूल बसविताना एका टोकाचा एकच स्क्रू आवळून दुसऱ्या टोकाला फट राहते का, ही साधी तपासणी दंतवैद्य करतात. फट राहत असेल आणि सर्व स्क्रू आवळून ती दडपली, तर तो ताण कायमचा राहतो; पुढे स्क्रू सैल होणे किंवा तुटणे येथूनच सुरू होते.

मत पडताळून पाहायचे असेल, तर मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय अशा ठिकाणी कृत्रिम दंतशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे रांग लागते, पण पूल विकण्याची घाई कोणाला नसते.

काम पूर्ण झाल्यावर काही कागद मागून घ्यावेत. इम्प्लांटच्या वेष्टणावरील चिकटपट्टी, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. स्क्रूचा प्रकार आणि तो किती जोराने आवळला त्याची नोंद. पुलाचे साहित्य आणि प्रयोगशाळेचे नाव. स्क्रू कंपनीगणिक वेगळे असतात. दहा वर्षांनी गाव बदलले किंवा दंतवैद्य निवृत्त झाले, तर या चिठ्ठीवाचून पुढच्या दंतवैद्याला तोंडातील पूल सोडविण्यासाठी कोणता पेचकस लागेल, येथूनच शोध सुरू करावा लागतो.