घोडबंदर रोडवर दोन इंधनांची गाडी

एका गाडीत दोन इंधने ही रचना ठाण्याच्या घोडबंदर रोडला सीएनजीने परिचयाची केली. सीएनजी पुरवणाऱ्या महानगर गॅसची स्थापना १९९५ची. सीएनजी गाडीने मालकांना शिस्त लावली: दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट आणि पेट्रोलची बाजूही चालती ठेवणे.

पेट्रोल आणि वीज अशा जोडीवर चालणारी टोयोटाची हायब्रिड प्रियस जपानमध्ये १९९७ साली आणि भारतात २०१० साली आली. बाहेरून चार्ज होणारी प्लग-इन हायब्रिड मात्र इथे श्रीमंतांपुरतीच राहिली. २०१६ मध्ये व्होल्वोची एक्ससी९० टी८ सव्वा कोटीला आली. पुढच्याच वर्षी जीएसटीने मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर लावला. मध्यमवर्गाच्या हाती हायब्रिड पडली ती २०२२च्या ग्रँड विटारा आणि हायरायडरमधून, तीही बाहेरून चार्ज न होणारी. तिच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी मिळाली आणि खरेदीदाराची मोठी धास्ती कमी झाली.

माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतची थांबत-थांबत चालणारी रांग हायब्रिडला मानवते: ब्रेक लावताना वीज परत मिळते, पॅड कमी झिजतात. प्लग-इनचे दुखणे वेगळे. रोजचा प्रवास विजेवरच झाला, तर टाकीतले पेट्रोल महिनोन्महिने पडून शिळे होते. इंजिन थोडाच वेळ चालले, तर पुरेसे न तापल्याने ऑइलमध्ये ओल साचते. कमी वापरातल्या ब्रेक डिस्कवर पावसाळ्यात गंज धरतो. खाडीकाठी हा त्रास अधिकच. म्हणून अशा गाडीचे इंजिन अधूनमधून लांब पल्ल्यावर चालवावे आणि ऑइल किलोमीटरवर न जाता मुदतीनुसार बदलावे.