सर्किट ब्रेकर आणि वितरण पेटी यांची सुसंगतता

सर्किट ब्रेकरची सुसंगतता म्हणजे एखादा सर्किट ब्रेकर (मंडल खंडक) विशिष्ट वितरण पेटीत बसविला असता त्या पेटीच्या बसबारशी त्याचा यांत्रिक व विद्युत संबंध सुरक्षितपणे टिकणे, आणि तो तसा टिकतो हे चाचणीने सिद्ध झालेले असणे. या व्याख्येतील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ब्रेकर पेटीत बसला, त्याची कळ वर-खाली झाली आणि दिवे लागले, एवढ्यावरून तो त्या पेटीसाठी योग्य ठरत नाही. हा प्रश्न प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील घरगुती वीजजोडण्यांत उद्भवतो. कारण तेथे निरनिराळ्या उत्पादकांच्या पेट्यांची व ब्रेकरांची घडण निरनिराळी असते. युरोपात व भारतात रूढ असलेल्या डिन रेल पद्धतीत तोच प्रश्न वेगळ्या रूपात आढळतो.

रचना

अमेरिकेतील घरांना १२०/२४० व्होल्ट वीजपुरवठा मिळतो. पेटीच्या मध्यभागी दोन जिवंत बसबार असतात आणि त्यांना आळीपाळीने तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चपटी पाती फुटलेली असतात. ब्रेकरचे एक टोक पेटीच्या कडेवरील पट्टीत अडकवितात व दुसरे टोक पात्यावर दाबून बसवितात. ब्रेकरच्या पोटातील स्प्रिंगयुक्त जबडा पाते घट्ट पकडतो. पुरवठ्याच्या बाजूला स्क्रू नसतो. घरातील त्या फाट्याची सारी विद्युतधारा या जबड्याच्या पकडीतून वाहते. पात्याची जाडी, रुंदी, त्यावरील मुलामा, जबड्याची खोली आणि अडकविण्याच्या खाचेची जागा ही सर्व मापे उत्पादकाने आपल्या पेटीपुरती ठरविलेली असतात.

विसंगतीचे परिणाम

पाते जबड्यात सैल बसले किंवा अर्धेच शिरले, तर स्पर्शबिंदूवरील रोध वाढतो. रोधामुळे उष्णता निर्माण होते, उष्णतेने स्प्रिंगचा ताण उतरतो, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि रोध आणखी वाढतो. शेवटी तेथे ठिणग्या पडू लागतात, पाते जळते व आसपासचे प्लॅस्टिक वितळू लागते. या प्रक्रियेला कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. त्यामुळे ब्रेकर बसविणाऱ्याच्या ती दृष्टीस पडत नाही.

यातील धोक्याचे मूळ ब्रेकरच्या कार्यपद्धतीत आहे. ब्रेकर आपल्यातून वाहणाऱ्या धारेचे परिमाण पाहतो. सैल स्पर्शामुळे धारा वाढत नाही, उलट किंचित घटते. म्हणून ब्रेकरला ट्रिप होण्याचे कारणच मिळत नाही. आगीपासून रक्षण करण्यासाठी बसविलेले उपकरण अशा वेळी स्वतःच आगीचे उगमस्थान बनते. कधी कधी तापलेल्या पात्याची उष्णता आतील द्विधातू पट्टीपर्यंत पोहोचते आणि ब्रेकर अकारण ट्रिप होतो. ब्रेकर अशक्त आहे असे समजून त्या जागी अधिक अँपिअरचा ब्रेकर बसविला जातो. ही चूक मूळ दोषापेक्षाही घातक आहे, कारण त्यानंतर तारेचे संरक्षणही नाहीसे होते.

उत्पादक आणि त्यांच्या मालिका

सुसंगतता केवळ नाममुद्रेवर अवलंबून नसते, ती मालिकेवर अवलंबून असते. स्क्वेअर डी या नावाने दोन मालिका विकल्या जातात. १९५५ साली आलेल्या ‘क्यूओ’ ब्रेकरची रुंदी पाऊण इंच असते, तर ‘होमलाइन’ची एक इंच. दोन्ही मालिका एकाच कंपनीच्या असूनही परस्परांच्या पेटीत चालत नाहीत. ईटन कंपनीचेही तसेच आहे. तिची ‘सीएच’ मालिका कटलर-हॅमरकडून आलेली असून पाऊण इंची आहे. ‘बीआर’ मालिका वेस्टिंगहाउसच्या ब्रायंट शाखेतील असून एक इंची आहे. कटलर-हॅमर १९७८ मध्ये ईटनकडे आली आणि वेस्टिंगहाउसचा वितरण-साधनांचा व्यवसाय १९९४ मध्ये आला. कंपन्यांचे असे विलीनीकरण झाले तरी घरोघरच्या भिंतींतील पेट्या जुन्याच राहतात. दुकानात ‘ईटनचा वीस अँपिअरचा ब्रेकर’ एवढेच मागणाऱ्याची फसगत होण्याचे हे मुख्य कारण होय.

खरी अडचण एक इंची ब्रेकरांची आहे. ‘बीआर’, ‘होमलाइन’, सीमेन्सचा ‘क्यूपी’ आणि जनरल इलेक्ट्रिकचा ‘टीएचक्यूएल’ हे दिसायला इतके सारखे आहेत की यांपैकी एखादा दुसऱ्याच्या पेटीत कमी-अधिक जोर लावून बसविता येतो. पाऊण इंची ब्रेकर एक इंची जागेत नजरेलाच विजोड दिसतो, त्यामुळे तेथे चूक सहसा टळते. साम्य जितके अधिक, तितका धोका अधिक असा हा प्रकार आहे.

नियम आणि ‘वर्गीकृत’ ब्रेकर

अमेरिकेत ब्रेकरची चाचणी यूएल ४८९ व पेटीची यूएल ६७ या मानकांनुसार होते. पेटीच्या दारावर आतून चिकटविलेल्या पत्रकात तिच्यात चालणाऱ्या ब्रेकरांचे प्रकार नमूद असतात. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या कलम ११०.३(बी) प्रमाणे प्रमाणित उपकरण त्याच्यासोबतच्या सूचनांनुसारच बसवावे लागते. या कलमामुळे दारावरचे पत्रक बंधनकारक ठरते. ब्रेकरवर यूएलचे चिन्ह आहे हे त्यासाठी पुरेसे नाही. ते चिन्ह ब्रेकरची ग्वाही देते, पेटीशी झालेल्या त्याच्या जोडीची देत नाही.

याला मान्यताप्राप्त अपवाद ‘वर्गीकृत’ ब्रेकरांचा आहे. एका उत्पादकाने दुसऱ्याच्या पेटीसाठी मुद्दाम बनवून यूएलकडून तपासून घेतलेले हे ब्रेकर असतात. ईटनची ‘सीएल’ मालिका हे त्याचे उदाहरण. अशा ब्रेकरसोबत कोणत्या पेटीत तो चालेल याची यादी येते आणि पेटीचा नेमका क्रमांक त्या यादीत असावा लागतो. शॉर्ट सर्किटची संभाव्य धारा १० किलोअँपिअरहून अधिक असेल तेथे ते वापरता येत नाहीत.

एकाच जागेत दोन परिपथ सामावणाऱ्या जोडब्रेकरांचाही निराळा नियम आहे. १९६५ च्या संहितेपासून पेटीतील परिपथांची संख्या रचनेनेच मर्यादित ठेवण्याची अट आली. म्हणून पुढील पेट्यांत ठराविक पात्यांनाच खाच असते व जोडब्रेकर तेथेच बसतो. अशा अटकावाविना बनविलेले जोडब्रेकर फक्त त्यापूर्वीच्या पेट्यांत बदली म्हणून वापरावयाचे असतात.

बंद पडलेल्या उत्पादकांच्या पेट्या

फेडरल पॅसिफिक कंपनीच्या ‘स्टॅब-लॉक’ पेट्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फार मोठ्या संख्येने बसविल्या गेल्या. त्यांचे ब्रेकर अतिभार येऊनही ट्रिप होत नाहीत, अशा तक्रारी झाल्या. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने चौकशी केली; परंतु १९८३ मध्ये ती निर्णायक निष्कर्षाविना थांबविण्यात आली. झिन्स्को पेट्यांत ॲल्युमिनियमच्या बसबारवरील ब्रेकरची पकड सैल होऊन बसबार जळण्याचा दोष आढळला. या दोन्हींसाठी बदली ब्रेकर मिळतात आणि ते पेटीत बसतातही. मात्र जळक्या पात्यावर नवा ब्रेकर लावल्याने पाते सुधारत नाही. त्यामुळे घरांचे परीक्षक सामान्यतः संपूर्ण पेटीच बदलण्याचा सल्ला देतात.

डिन रेल पद्धत आणि भारत

भारतात घरगुती डीबीमधील एमसीबी ३५ मिलिमीटर रुंदीच्या डिन रेलवर बसते आणि एका ध्रुवाची रुंदी सुमारे १८ मिलिमीटर असते. पट्टी प्रमाणित असल्यामुळे कोणत्याही कंपनीची एमसीबी कोणत्याही डीबीत बसते, असा समज रूढ आहे. पट्टीपुरता तो खरा आहे. बसबारच्या बाबतीत नाही. कंगव्यासारख्या दातेरी बसबारचे दात ज्या फटीत शिरतात, तिची उंची व खोली कंपनीगणिक बदलते. शेजारच्या एमसीबींच्या ओळीत परकी एमसीबी आली की तिचा दात तिरपा बसतो किंवा स्क्रूच्या पकडीबाहेर राहतो. मग दात कापून तारेचा तुकडा जोडण्याची पळवाट काढली जाते. आरसीसीबीत न्यूट्रलची जागा काही कंपन्या डावीकडे ठेवतात, काही उजवीकडे; बदली करताना हे पाहणे अगत्याचे असते.

एमसीबीची चाचणी आयएस/आयईसी ६०८९८-१ नुसार होते. सामान्य माणसाने हाताळावयाच्या वितरण पेटीला आयईसी ६१४३९-३ लागू होते व त्यात आतील उपकरणांसह संपूर्ण जुळणीची तापमानवाढ तपासली जाते. दुसऱ्या कंपनीचे उपकरण आत घातल्यावर मूळ उत्पादकाची ही पडताळणी लागू राहत नाही आणि जबाबदारी बदल करणाऱ्यावर येते. अँपिअरचा आकडा जुळणे हीही अर्धीच जुळणी होय. ‘बी’ वक्राची एमसीबी अंकित धारेच्या ३ ते ५ पट धारेवर तत्काळ ट्रिप होते, ‘सी’ वक्राची ५ ते १० पट आणि ‘डी’ वक्राची १० ते २० पट. सहा किलोअँपिअर खंडनक्षमतेची एमसीबी दहाच्या जागी बसविल्यास नेहमीच्या वापरात काहीही फरक जाणवत नाही. तो मोठ्या शॉर्ट सर्किटच्या वेळीच उघड होतो.