चांगदेवाची वाट आणि मुक्ताईचा पाळणा

अद्भुत शोधयात्रेची कादंबरी म्हटली की हल्ली मराठी वाचकासमोर इंग्रजीतून आलेली जाडजूड पुस्तके उभी राहतात. अवघड प्रवास, परस्परांना न शोभणारे सोबती, श्रद्धेची कसोटी आणि अखेरीस उद्धार, असा त्यांचा ठरलेला घाट. हा घाट मराठीस नवा नाही. जॉन बन्यनच्या १६७८ मधील रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर, 'यात्रिकक्रमण', १८४१ मध्येच छापून निघाले होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' त्यानंतर सोळा वर्षांनी, १८५७ मध्ये आले. परंतु आम्हांस ज्या कथेविषयी लिहावयाचे आहे ती छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिची स्थळे आजही जळगाव जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून दाखविता येतात.

तापी आणि पूर्णा जेथे मिळतात तेथे चांगदेव नावाचे गाव आहे. तेथे त्याच नावाचे जुने दगडी मंदिर आहे. जवळच मेहूण आणि कोथळी. तालुक्याचे नाव मुक्ताईनगर, पूर्वीचे एदलाबाद. कथा अशी की तापीतीरी तप करणाऱ्या चांगदेवाने योगबळाने चौदा वेळा काळास चुकविले आणि चौदाशे वर्षांचे आयुष्य मिळविले. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्याने पत्र लिहावयास घेतले, पण मायना काय घालावा ते त्यास कळेना. आशीर्वाद द्यावा तर समोरचा ज्ञानी, नमस्कार करावा तर वयाने पोर. शेवटी त्याने कोरा कागदच पाठविला. तो पाहून, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असा शेरा मुक्ताबाईने मारला म्हणतात. ज्ञानेश्वरांनी त्या कागदास उत्तर म्हणून ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे वाघावर बसून, सापाचा चाबूक करून, शिष्यांच्या लवाजम्यासह चांगदेव आळंदीस निघाला. आणि समोरून ती चार भावंडे भिंतीवर बसून त्यास सामोरी आली.

येथे इतिहासाचा अभ्यासक अडखळतो, आणि ते योग्यच आहे. धुळ्यात ज्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले त्या राजवाड्यांची शिकवणच अशी की अस्सल कागद दाखवा, मग बोला. तशी कसोटी लावू गेल्यास जळगाव जिल्ह्यात एक दुसराच चांगदेव पुढे येतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात तो आहे. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले. ही हकीकत तेराव्या शतकाच्या आरंभीची. लेखाच्या शेवटच्या भागात मराठी आहे आणि बाजारातील मालावर किती, घाण्यामागे पळीभर तेल किती, असा चोख हिशेब आहे. आम्हांस हा लेख फार आवडतो. विद्येचे पालन पळीभर तेलावर चालते हे सांगण्यास चमत्काराची गरज पडत नाही.

तर एका चांगदेवाचा दगड उरला, दुसऱ्याची गोष्ट. या दोघांस एक ठरविण्याचा मोह आवरावा. काळ आणि वृत्ती दोन्ही जुळत नाहीत. पण म्हणून गोष्टीस रद्दीत काढण्याचेही कारण नाही. ती कशाची बनली आहे हे पाहिले पाहिजे.

वाघ आणि भिंत यांचा निकाल चटकन लागतो. एक सिद्ध वाघावर येतो आणि दुसरा निर्जीव भिंत चालवून त्यास नमवितो, ही कथा भारतभर अनेक सूफी पीरांविषयीही सांगितली जाते. सायमन डिग्बी यांनी १९९४ मध्ये याच कथाबीजावर स्वतंत्र निबंध लिहिला. तेव्हा भिंत ही ना आळंदीची खाजगी मालमत्ता, ना खानदेशाची. महिपतींनी 'भक्तविजया'त (१७६२) संतचरित्रे घरोघर पोहोचविली आणि प्रभातच्या १९४० मधील 'संत ज्ञानेश्वर'ने भिंतीस पडद्यावर चालविले. लोकांस जे दिसले ते लक्षात राहिले.

आमची तक्रार येथेच आहे. या कथेचे जे खास आपले आहे ते भिंतीनंतर सुरू होते, आणि तेच एका वाक्यात आटोपले जाते. वाघावरून उतरलेला चांगदेव ज्ञानेश्वरांचा शिष्य होत नाही. परंपरा सांगते की त्याची गुरू मुक्ताबाई झाली. चौदाशे वर्षांचा म्हातारा आणि विशीही न गाठलेली मुलगी. तीही संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेली. याहून विजोड सोबत कोणत्या कादंबरीकारास सुचली असती? मुक्ताबाईच्या नावावरील अभंगांत एक पाळणा आहे. त्यात ती चांगदेवास आपले लेकरू मानून जोजविते. ज्याने मरण चुकविण्यात आयुष्य घालविले त्याचा उद्धार पुन्हा जन्मास येण्यात व्हावा, आणि ती आई एक कुमारिका असावी, ही कल्पना भिंतीपेक्षा कितीतरी धाडसी आहे. भिंत चालविण्यास सिद्धी पुरते. वयाचा, विद्येचा आणि पुरुषपणाचा तोरा मुलीच्या पाळण्यात ठेवून देण्यास काय लागते, ते भक्त आणि चिकित्सक दोघांनीही विचारावयास हवे होते. भक्तांनी भिंतीस हात जोडले आणि चिकित्सकांनी भिंतीस हसून घेतले. पाळणा दोघांकडूनही राहिला.

बन्यनच्या यात्रिकास बायकापोरे मागे टाकून निघावे लागते. चांगदेवाच्या वाटेवर उलट घडते. निघताना नाते कोणतेच नाही, पोहोचल्यावर आई मिळते.

काळही साधा नव्हता. १२९६ च्या आरंभी अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्याच वर्षी ज्ञानेश्वरांची समाधी. पुढे सोपानदेव सासवडास गेले, आणि १२९७ मध्ये तापीकाठी वीज कडाडली व मुक्ताबाई दिसेनाशी झाली, असे संप्रदाय मानतो. चांगदेवाची समाधी मात्र दूर, गोदावरीकाठी पुणतांब्यास दाखवितात.

आज हतनूरच्या जलाशयाचे पाणी संगमाच्या अंगाने पसरते. आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी येथून निघते आणि मोठा पल्ला गाठून पंढरपुरास पोहोचते. महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव आणि मुक्ताई यांची जत्रा एकत्रच भरते. त्या दिवसांत वारकरी दोन्ही ठिकाणी दर्शनास जातात.