डोंगराखाली कोण राहतो?

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री केरळात मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे दरड कोसळली आणि चहामळ्यातील कामगारांच्या चाळी चिखलाखाली गेल्या. ७० माणसे मेली. चौघांचे तर मृतदेहही मिळाले नाहीत. वृत्तपत्रांनी याला निसर्गाचा कोप म्हटले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, म्हणून विचारतो : ही माणसे त्या डोंगराखाली आली कशी?

१८७७ साली मन्रो नावाच्या गोऱ्या साहेबाने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन डोंगर मिळवला. पुढे तेथे चहा आला. मजूर आणले तामिळ मुलखातून; त्यांत पळ्ळर, परैयर, अरुंधतियर या अस्पृश्य जाती मोठ्या संख्येने होत्या. कंगाणी हा मुकादम उचल देऊन माणसे बांधून घेई (आपल्या ऊसतोड कामगारांना हे समजावून सांगायला नको). राहायला 'लयम', म्हणजे सलग ओळीतल्या खोल्या. पिढ्या गेल्या तरी खोली मालकाचीच राहिली. केरळच्या भूसुधारणेचे आपण पुरोगामी मंडळी फार कौतुक करतो. तिने कुळाला जमीन दिली, मजुराला झोपडीखालची जागा दिली. परंतु मळे वगळले! मळ्यातला दलित नोकरी संपली की आजही खोली सोडतो.

पाऊस बदलला आहे, हे खरेच. समुद्र तापला की हवेत वाफ अधिक साठते आणि थोड्या तासांत ती कोसळते. उतारावरची माती भिजून जड होते, तिच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि खडकावरची पकड सुटते. पेट्टिमुडीची दरड चाळींच्या बरीच वर, रानात सुटली. मळ्याने डोंगर पोखरला म्हणूनच ती आली, असे सरसकट म्हणता येत नाही. आपल्या काही मित्रांना हे रुचणार नाही. पण तिच्या वाटेत चाळी कोणी बांधल्या? १९२४ च्या जुलैतील महापुराने मुन्नारची रेल्वे कायमची नष्ट केली होती. डोंगराचा स्वभाव ठाऊक नव्हता, असे कोणी म्हणू नये.

त्या रात्री वीज नव्हती, फोन लागत नव्हता, वाटेवरचा पूल निकामी झाला होता. बाहेर बातमी पोचायला सकाळ झाली. त्याच ७ ऑगस्टला सायंकाळी कोझिकोडला विमान कोसळले. तेथील मृतांच्या वारसांना राज्य सरकारने १० लाख रुपये जाहीर केले, पेट्टिमुडीच्या वारसांना ५ लाख. मुख्यमंत्री कोझिकोडला दुसऱ्याच दिवशी गेले. पेट्टिमुडीला पोचले १३ ऑगस्टला. २०१५ साली मळ्यातील स्त्रियांनी पुरुषी युनियनांना बाजूला सारून बोनससाठी संप केला होता. त्यांच्या 'पोम्बिळै ओरुमै' संघटनेच्या गोमती यांनी त्या दिवशी मुख्यमंत्र्यांची मोटार अडवण्याचा प्रयत्न केला. पोलिसांनी त्यांना बाजूला नेले. कामगारांना स्वतःची जमीन आणि घर द्या, ही त्यांची मागणी होती.

पुढे कुट्टियार खोऱ्यात ८ कुटुंबांना घरे मिळाली. बाकीच्या मळ्यांत लयम उभेच आहेत.