चाकूची किंमत कशावर ठरते?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले बोदलकसा हे गाव तलाव आणि भोवतालचे जंगल यांसाठी ओळखले जाते. या परिसरातल्या कोणत्याही घरात पावशी, विळा, कुऱ्हाड आणि चाकू सापडतातच. त्यांतली काही पाती लोहाराने घडवलेली असतात, तर काही कारखान्यातून, बरेचदा परदेशातून आलेली. ‘स्वस्त परदेशी घ्यावे की महाग पण परंपरेचे?’ हा प्रश्न अमेरिकेतही विचारला जातो. तिथे एका बाजूला चीनमधून येणारे घडीचे स्वस्त चाकू असतात आणि दुसऱ्या बाजूला पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी बनणारे ‘केस’ कंपनीचे महाग चाकू. या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर किंमत केवळ धातूवर ठरत नाही असे दिसते.

विदर्भाला लोखंड नवे नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. शेजारच्या बालाघाट आणि मंडला भागांतले अगरिया लोक विसाव्या शतकातही अशाच तत्त्वाच्या छोट्या भट्ट्या चालवत होते. त्यांच्यावर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये ग्रंथ लिहिला.

अशा भट्टीचे तापमान साधारण १२०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शुद्ध लोखंड वितळते १५३८ अंशांना. म्हणजे भट्टीत लोखंड वितळतच नाही. कोळशापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, मळी वितळून वाहून जाते आणि मागे स्पंजासारखा गोळा उरतो. तो ठोकून उरलेली मळी काढतात. लाकडी कोळशात गंधक नगण्य असल्यामुळे हे लोखंड चिवट असते. मात्र त्यात कार्बन कमी आणि असमान असतो, त्यामुळे धार टिकेलच याची खात्री नसते. शिवाय थोड्या लोखंडासाठी कितीतरी पट कोळसा जाळावा लागतो.

बेसेमरची पद्धत १८५६ मध्ये आली आणि युरोपात पोलाद स्वस्त झाले. मुंबईहून रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि १८८२ पर्यंत गोंदियावरून राजनांदगावपर्यंत गेली. परदेशी लोखंड आता बाजाराच्या गावापर्यंत येऊ लागले. याच काळात १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली आणि कोळसा मिळणे अवघड झाले. भट्ट्यांवरही कर होताच. उलट १८८२ मध्ये सरकारने बहुतेक आयातकर उठवले. १८९४ मध्ये ते पुन्हा बसले, तेव्हाही लोखंड-पोलादावर कर होता फक्त १ टक्का. परदेशी पोलाद अधिक एकसारखे होते, हे खरे. पण गावच्या भट्टीचा इंधनाचा आधार काढून घेतल्यावर झालेली ती स्पर्धा होती, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने खिशातल्या चाकूंवर मूल्याच्या ५० टक्के आणि शिवाय डझनामागे ठरावीक रक्कम असा कर बसवला. शेफील्ड आणि झोलिंगेनच्या मालाला आळा बसला, आणि त्या आडोशाला अमेरिकेतले चाकूंचे कारखाने वाढले. आज ‘परंपरागत अमेरिकन’ म्हणून जो चाकू मिरवतो, त्याच्या परंपरेत या कराचाही वाटा आहे. तो आडोसा कायमचा मात्र ठरला नाही. श्रेड कंपनीचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला, कॅमिलसचा २००७ मध्ये. दोन्ही नावे विकली गेली आणि पुढे आयात केलेल्या चाकूंवर दिसू लागली.

मग धातूत फरक किती? केसच्या नेहमीच्या गंजरोधक पोलादात कार्बन साधारण ०.४५ टक्के आणि क्रोमियम सुमारे १३ टक्के असते. चिनी चाकूंच्या एका प्रचलित पोलादात क्रोमियम जवळपास तेवढेच, पण कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे कागदावर स्वस्त चाकूच सरस ठरू शकतो. प्रत्यक्षात पाणी देणे, म्हणजे तापवून झटकन थंड करणे, आणि नंतर सुमारे २०० अंशांवर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणे, या दोन क्रियांची काळजी निर्णायक असते. महाग चाकूच्या किमतीत मजुरी, मूठ, सांध्यांची सफाई आणि नाव यांचा वाटा मोठा असतो.

आपला लोहार आता लोखंड गाळत नाही. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेऊन तो विळा घडवतो. या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे धारेला योग्य. भट्टी विझली तरी पाणी देण्याचे ज्ञान त्याच्या हाती उरले आहे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. शिक्षकांनी स्वतः एक कैरी लोहाराच्या विळ्याने आणि दुसरी स्टेनलेस चाकूने कापावी. विळ्याचे पाते आणि कैरीची फोड काळपट पडते, कारण फळातल्या टॅनिनचा लोहाशी संयोग होतो. स्टेनलेस पात्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तो होऊ देत नाही. मग दोन्ही पात्यांची किंमत विचारावी आणि त्या किमतीत धातू किती, श्रम किती, वाहतूक किती आणि कर किती, याची विद्यार्थ्यांकडून यादी करून घ्यावी. विज्ञान आणि इतिहास यांचे तास त्या यादीवर एकत्र येतील.